माझी येसू कुठल्या गावात धरायची?

"पुढच्या वेळी बघू" म्हणे! मेंबरसाहेब, पुढची वेळ म्हणजे कधी? माझ्या येसूला आठवा महिना लागलाय, आणि एक दिवसाआड थंडी भरते... सगळ्या गोधड्या अंगावर घातल्या तरी पोरीचे दात वाजतात.

दवाखाना आहे तो तिकडे रेल्वेच्या बाजूला. गाडी जुंपून खिंड ओलांडेपर्यंत पोर अर्धी होते... म्हणून तर गुरुवारची मी वाट बघत होते.

गुरुवारी सरकारची कमिटी गावात यायची होती. खेड्यापाड्यांत दवाखाने कुठे काढायचे ते बघून ठरवणार, अशी दवंडी झाली. आता कमिटी काय बघणार? आजारी माणूस. आणि आमच्या गावाने काय केलं... आजारी माणसंच लपवली!

प्लेगाच्या साली साहेब यायचे ते माणूस ओढून न्यायचे, घरावरची कौलं उतरवायचे. तेव्हापासून टोपीवाला दिसला की आजाऱ्याला झाकायचं, हे आमच्या हाडात बसलंय. तुकाआबांनी सकाळीच हाळी दिली, "तापकऱ्यांना वर लेण्यात न्या रं! सायेब गेला की खाली आणू."

मी म्हटलं, "आबा, ह्ये न्यायला न्हाई, द्यायला आल्यात."

"सरकार द्यायला आलंय? तुज्या बापानं तरी बगितलं व्हतं का?" सगळे खदाखदा हसले... आणि माणसं पाठुंगळी मारून डोंगर चढायला लागले.

येसूला मात्र मी हलवलं नाही. ओट्यावर बसवली, गोधडीत गुंडाळून.

मोटार आली. डॉक्टरसाहेब आपल्यातलेच, मराठी बोलणारे. त्यांनी विचारलं, "गावात तापाचे रोगी किती?" बोर्डावरचे आमचे मेंबर, शेजारच्या गावचे, हात जोडून पुढे. "देवाची कृपा आहे साहेब. गाव ठणठणीत."

आबांचं भय होतं, मेंबरांचं राजकारण. दवाखाना त्यांच्या गावाला हवा, सडकेवर... आमचं भय त्यांना आयतंच मिळालं.

मला राहवलं नाही. "कुटलं ठणठणीत? ही बगा माजी पोर. आन् लेण्यात जाऊन बगा, बाकीचे तितं बसल्यात!"

डॉक्टरसाहेब थांबले. येसूच्या कपाळाला हात लावला... मला वाटलं, जिंकलं.

मेंबर हसून म्हणाले, "साहेब, ही इथली नव्हे. परंदवडीला दिलीय, बाळंतपणाला माहेरी आलीय. हिची गणती तिकडे." साहेबांनी मान हलवली. लेण्यांकडे बघितलं, चढ बघितला, घड्याळ बघितलं... आणि मोटारीत बसले. मेंबर जाता जाता मला ते "पुढच्या वेळी" म्हणाले.

मोटार गेली मेंबरांच्या गावाला. तिथे बाजेवर रोगी निजवून तयारच होते. त्यातला एक आमच्याच आळीतला, बहिणीकडे पाहुणा गेलेला... तो मात्र तिथला धरला! पाहुणा पुरुष चालतो, माहेरवाशीण चालत नाही.

परंदवडीला कमिटी गेलीच नाही. म्हणजे माझी पोर तिकडे नाही, इकडेही नाही. ताप तेवढा खरा.

दोन यत्ता शिकलेय, चुकलं असेल तर चुकू दे. हे चावडीच्या दाराला चिकटवते आहे... ज्याला वाचता येतं त्याने बाकीच्यांना वाचून दाखवा. तुकाआबांना आधी.

आणि मेंबर, सोमवारी दिवस मावळायच्या आत चावडीवर येऊन सांगा, येसू कुठल्या गावची. इथली म्हणत असाल तर डॉक्टरसाहेबांना तसं कळवा, लेण्यातल्यांसकट. नाही म्हणत असाल तर ते तिच्या तोंडावर सांगा... ती ओट्यावरच आहे. कोणी आलं तरी मी तिला आत नेणार नाही.