भिंतीवरच्या थाळ्या

लाकडाच्या दुकानात माणूस उभ्या उभ्या काम सांगून जात नाही. तो बसतो. मशीन फिरताना बघत राहतो, चहा येतो, मग तो काहीतरी सांगतो, नाहीतर आमच्या समोरच काहीतरी करून जातो! असे किस्से इतके साठलेत की, संध्याकाळी शटर ओढताना एखादा आठवला तर शटर अर्ध्यावरच राहतं.

दुकान गोंदियाजवळच्या गोरेगावात, आठवडी बाजाराच्या मागे. मालक देवरामदादा, लाकूड गरगर फिरवून कोरणाऱ्या खराद मशीनवर काम करणारे. त्यांची सगळी हयात पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे आणि लाटणी करण्यात गेली. त्यांची बायको चंद्रकला वहिनी घासकाम आणि पॉलिश बघते. मी इलेक्ट्रिशियन. मशीनची मोटर बघायला म्हणून आलो तो इथलाच झालो. वहिनी अजूनही पाहुण्यांना सांगते, "रमेशभाऊ मोटर दुरुस्त कराले आले आहेत!"

*

आधी थाळ्या कशा सुरू झाल्या ते सांगतो.

झाडाच्या खोडाला कधी कधी आवाळूसारखा गोळा येतो. त्याला आम्ही गाठ म्हणतो. तिच्या आतले धागे एकमेकांत असे गुंतलेले असतात की कुऱ्हाड चालत नाही. ऐनाच्या झाडाची अशी एक गाठ वहिनीच्या चुलीजवळ बरेच दिवस पडून होती. फुटेना, जळेना. एक दिवस दादांनी चिडून ती खरादीवर चढवली.

साल निघाली आणि आम्ही तिघंही वाकून बघायला लागलो. आत भोवरे होते, लाटा होत्या, मोरपिसावरच्यासारखे डोळे होते. दादांनी त्याची मोठी खोलगट थाळी केली आणि ऐटीत वहिनीच्या हातात दिली.

वहिनीनं कौतुकानं तिच्यात वांग्याची भाजी वाढली. गाठीत बारीक चिरा असतातच. रस्सा खालून टपकायला लागला.

"अवो, हे त गळून राहिली!"

दादांचा चेहरा पडला. वहिनीनं तो बघितला. थाळी रिकामी केली, धुतली, पुसली, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि त्या खिळ्यावर थाळी टांगली.

"इथं नाही गळत," म्हणाली.

आठवड्याभरात एक पाहुणा ती मागून घेऊन गेला. तेव्हापासून आम्ही भिंतीसाठीच थाळ्या करतो.

*

बिजाच्या झाडाचं लाकूड ताजं कापलं की त्यातून लाल रस सुटतो, अगदी रक्तासारखा. दादांच्या मामाच्या वावरातला बिजा वादळात पडला. रीतसर परवानगी काढून तो कापला, आणि त्याची गाठ पोत्यात घालून आम्ही मोटारसायकलवर निघालो. मी पुढे, दादा मागे, दादांच्या मांडीवर पोतं. पोत्यात गोल, माणसाच्या डोक्याएवढं काहीतरी, आणि खालून लाल टपटप!

एसटी स्टँडजवळ पोलिसानं थांबवलं.

"पोत्यात काय आहे?"

"बिजा आहे जी," दादा शांतपणे म्हणाले.

"कोण बिजा?"

"माह्या मामाच्या वावरातला."

पोलिसाचा आवाज खाली आला. "काय झालं त्याला?"

"वादळात पडला होता. जगत नव्हता. मंग काल कापला."

भोवती गर्दी जमली. एका बाईनं लेकराच्या डोळ्यांवर पदर धरला. मी नुसताच "साहेब, साहेब" करत होतो. हसू आणि भीती दोन्ही एकदम आल्यामुळे पुढचं तोंडातून निघेना.

"आणि बाकीचा कुठे आहे?"

"मामाच्या घरी. त्याचे दरवाजे बनवन म्हने."

शेवटी पोलिसानं स्वतःच पोत्याचं तोंड सोडलं. आत बघितलं. मग घाम पुसला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बिजाचं लाकूड भिजवलेलं पाणी शुगरवर चालतं म्हणतात. एखादा तुकडा मिळेल का?"

*

पण सगळंच काही हसण्यासारखं नसतं. कधी कधी गाठीच्या पोटात साल दबलेली असते, ती बाहेरून दिसत नाही, आणि तिथूनच गाठ फुटते. एकदा दादा कडुनिंबाची अशीच गाठ कोरत होते. मशीन जोरात, भुसा उडतोय, दादा रंगात आलेले. कोपऱ्यात घासत बसलेल्या वहिनीनं एकदम मान वर केली.

"बंद करा! आवाज बदलला."

"काही नाही बदलला."

"बंद करा म्हणून राहिली ना मी!"

दादा ऐकेनात. वहिनी उठली आणि तिनं सरळ मेन स्विच पाडला. दादा भडकले. हत्यार ठेवून तिच्याकडे दोन ढांगा टाकत गेले. "काऊन बंद केली वं?"

मशीन अजून पुरतं थांबलं नव्हतं. तेवढ्यात कडाडकन आवाज झाला. गाठ मधोमध फुटली आणि अर्धा तुकडा, दादा मघाशी जिथं वाकून उभे होते तिथून, मागच्या प्लायवूडमध्ये जाऊन रुतला.

मी दादांसाठी पाण्याचा ग्लास आणला. वहिनीनं तो घेतला आणि स्वतः त्यांना पाजलं.

दुसऱ्या दिवशी दादांनी मला सांगून स्विचबोर्ड जागेवरून काढला आणि वहिनीच्या बसायच्या जागेशेजारी लावून घेतला. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "आजपासून मेन स्विच तुह्याकडे."

वहिनीनं हातातलं काम न थांबवता उत्तर दिलं, "लगन झालं तवापासून माह्याकडेच आहे!"

*

गोंदियाच्या एका मॅडमनी नव्या फ्लॅटच्या हॉलसाठी मोठी थाळी नेली. पुढच्याच आठवड्यात त्यांचा फोन. "भैया, प्रॉब्लेम हो गया. मम्मीजी कहती हैं, ये मुझे घूर रहा है."

मम्मीजी म्हणजे सासूबाई. आम्ही हातोडी घेऊन गेलो. बघतो तर खरंच, दोन भोवरे अगदी डोळ्यांसारखे, आणि सोफ्यावर नेमक्या जिथं सासूबाई बसतात तिकडे रोखलेले. त्या बिचाऱ्या पाठ फिरवून टीव्ही बघत होत्या, म्हणजे नुसता ऐकत होत्या!

दादांनी थाळी थोडी फिरवली. "अब?"

"अभी भी."

अजून थोडी फिरवली. सासूबाईंनी हळूच वळून बघितलं. मग उजवीकडे सरकून बघितलं, डावीकडे सरकून बघितलं. चेहरा खुलला.

"बस, बस! अब हाथ मत लगाना. अब बहू को देख रहा है!"

*

सालेकसाकडचे दोन भाऊ. मोठे सोमाजी, धाकटे केशव. दोघांच्या धानाच्या शेतांमध्ये एकच धुरा, म्हणजे सामाईक बांध, आणि धुऱ्यावर वडिलांच्या वेळचं मोहाचं झाड. सकाळी फुलं वेचायला कोणाच्या घरची टोपली आधी पोचते, यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं. मग मोह पडला. लाकूड वाटून झालं, गाठ राहिली. ती घेऊन दोघं एकाच ट्रॅक्टरवर आले. एक ड्रायव्हरजवळ बसलेला, एक मागे ट्रॉलीत.

दुकानात दोघं शेजारी शेजारी उभे, पण बोलणं सगळं दादांमार्फत.

"त्याले सांगा, बरोबर मधून कापाची," सोमाजी म्हणाले.

"त्यायले सांगा, मी कवा नाही म्हणलो?"

दादा म्हणाले, "एकानं ठेवा ना गा. दुसऱ्यानं पाहाले जाव."

दोघांनीही नकारार्थी माना हलवल्या. शेवटी गाठ मधोमध चिरली. पुस्तक उघडावं तशी ती उघडली. एका बाजूला जो भोवरा, तोच दुसऱ्या बाजूला उलटा. दादांनी दोन थाळ्या केल्या, एकसारख्या.

न्यायला आले तेव्हा पुन्हा तेच. "त्याले सांगा, पयले त्यानं उचलाव." "त्यायले सांगा, मोठ्यानं उचलाव." चहा निवून गेला, थाळ्या टेबलावरच. मग वहिनी उठली, दोन्ही पेपरात गुंडाळल्या आणि न विचारता एकेकाच्या हातात दिल्या. दोघं आले तसेच गेले. एक पुढे, एक मागे.

पुढे कधीतरी लाकूड बघायला मी त्यांच्या गावी गेलो. दोघांची घरं समोरासमोर, मध्ये बैलगाडी जाईल एवढा रस्ता. सोमाजींच्या घरी थाळी बाहेरच्या भिंतीवर टांगलेली. उन्हानं तिचा रंग उडाला होता, खालच्या कडेवर पावसाचे डाग होते. मी वळून बघितलं. समोर केशवच्या घरीही थाळी बाहेरच्याच भिंतीवर.

"बोलणं सुरू झालं का?" मी विचारलं.

"नाही," सोमाजी म्हणाले.

मला त्या पॉलिशचं वाईट वाटत होतं. म्हटलं, "सोमाजीभाऊ, बाहेर खराब होईल. घरात टांगा ना."

सोमाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अगदीच खुळ्यासारखं बोललो.

"घरात टांगली त त्याले कसी दिसन?"