फेझंटांची काळजी

कोलोनजवळच्या आमच्या खेड्यात शेजारच्या आजोबांइतका दयाळू माणूस नाही. उन्हाळाभर ते फेझंटची, म्हणजे लांब शेपटीच्या रानकोंबड्यांची, पिल्लं वाढवतात. गारांचा पाऊस आला की छत्री पिल्लांवर आणि गारा यांच्या टकलावर. एखादं पिल्लू शिंकलं तर यांना जेवण जात नाही. पुढं पाखरं रानात सोडली, की रोज शिट्टी वाजवून मका टाकतात, म्हणजे ती लांब भटकत नाहीत. परक्या हद्दीत कुणी गोळी घातली तर? घरची गोळी असताना!

यंदा सासूबाई पुण्याहून आल्या आणि रोज जेवणाआधी कुंपणाशी मूठभर भात ठेवू लागल्या. काऊघासच तो, पण इथं कावळ्यांआधी फेझंट आले. आठवडाभरात त्यांनी शिट्टीला विचारणंच सोडलं आणि आमच्या बागेत मुक्काम ठोकला.

शिकारीच्या आदल्या दिवशी आजोबा दारात आले. हॅट छातीशी, आवाज मऊ.

"आल्झो, म्हणजे काय आहे, भातानं त्यांची पोटं बिघडतील हो. फार नाजूक असतात बिचारी."

मी सासूबाईंना मराठीत सांगितलं. उद्या यांचे मित्र बंदुका घेऊन येणार आहेत, हेही सांगितलं.

सासूबाईंनी आजोबांकडे नीट पाहिलं.

"पोटाचंच ना? सांग त्यांना, उद्या गुरगुट्या भात करते. वर तूप घालते."

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच सासूबाईंनी मोठा कुकर चढवला.

सकाळी रानात बंदुका ताटकळत होत्या आणि आमच्याकडे पंगत बसली होती.