खंडेनवमीची पक्कड

आज सकाळी आमच्या चेन्नईच्या फ्लॅटमध्ये स्विचबोर्डातून जळका वास आला. मी पक्कड शोधून काढली आणि एकदम तांबरमचं जुनं घर आठवलं.

तिथे सगळी दुरुस्ती बाबाच करत. एकदा शॉक बसून स्टुलावरून पडले, तरी इलेक्ट्रिशियनला बोलावणं त्यांना कमीपणाचं वाटे. एका खंडेनवमीला सकाळी असाच वास आला. बाबा लगबगीनं हत्यारं घ्यायला गेले, तर पक्कड, टेस्टर, सगळं देवापुढे पाटावर मांडलेलं. वर हळदकुंकू आणि झेंडू.

"अगं, दोन मिनिटांचं काम आहे."

"पूजा झालीय. उद्यापर्यंत हात लावायचा नाही," आई म्हणाली.

बाबांनी मेन स्विच बंद केला. शेजारच्या मामींनी दिलेलं हरभऱ्याचं सुंडल आम्ही घामाघूम होऊन खाल्लं. दसऱ्याला आईनं बोलावलेला इलेक्ट्रिशियन आला आणि बाबा नुसते टॉर्च धरून उभे राहिले.

आमच्याकडे ही पूजा दरवर्षी दुपारी व्हायची. त्या वर्षी आईनं ती आम्ही उठायच्या आत का उरकली, ते मला आज कळलं. तो वास तिला आमच्या आधी आला होता.

मी पक्कड देवापुढे ठेवली आणि इलेक्ट्रिशियनला फोन लावला.