डाव्या बाजूची पुट्टी

आमच्या गल्लीत दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं, आणि मागे जायची तयारी कोणाच्याच बापाची नसते. गल्ली दोन मोठ्या रस्त्यांना जोडते, म्हणून सगळ्यांना हवी. रुंदीला मात्र इतकी बेताची की दोघांनी आरसे मिटले, श्वास रोखला आणि भिंतीला सॉरी म्हटलं तरच जमतं. माझं शिलाईचं दुकान नेमकं गल्लीच्या मध्यावर आहे. मशीनवर मान खाली असली तरी कान रस्त्यावर असतात. 'खर्र' असा आवाज आला की मी शिवण अर्धी टाकून दारात. बायको म्हणते, दुसऱ्याच्या भांडणात नाक खुपसायची तुम्हाला हौस. मी म्हणतो, हौस नाही, अभ्यास आहे. यावर ती काही बोलत नाही, पण चहा उशिरा येतो.

माझ्या दुकानासमोर पत्रेमामाचं गॅरेज. इंजिन, ब्रेक, बॅटरी यांतलं त्याच्याकडे काही होत नाही. तो फक्त पत्रा सरळ करतो. चेपलेला दरवाजा, बसलेलं मडगार्ड, पोचा पडलेलं बॉनेट. एका हातात हातोडी, दुसऱ्या हाताने आतून धरलेला लोखंडी ठोकळा, आणि टक टक टक, सकाळी नऊपासून. साठीला आलेला माणूस, बोलणं मोजकं, मिशी पोचे भरायच्या पुट्टीच्या धुळीने कायम पांढरी. मिशी मुळातच पांढरी आहे की काय, हे मला वीस वर्षांत ठरवता आलेलं नाही.

त्याची माझी ओळख चिंध्यांवरून झाली. पहिल्याच आठवड्यात येऊन म्हणाला, "मास्तर, अस्तराचे तुकडे फेकता ना, ते मला देत जा." मला वाटलं, हात पुसायला हवे असतील. पण तो ती पातळ चिंधी तळहाताखाली धरून पत्र्यावरून हात फिरवायचा, डोळे मिटून. मला राहवलं नाही, विचारलं. तर म्हणाला, "उघडा हात पत्र्याला चिकटतो. मध्ये कापड असलं की घसरतो, मग केसाएवढा उंचवटा पण लागतो. बघा." मी माझा हात फिरवून पाहिला. मला कापड लागलं, दुसरं काही नाही. कापडाच्या बाबतीत मी हुशार आहे, एवढंच त्यातून सिद्ध झालं.

हळूहळू गल्लीत एक रीतच पडली. दोन गाड्या घासल्या, दोघे तावातावाने खाली उतरले, तू तू मैं मैं झालं, की कोणीतरी म्हणायचं, चला मामाकडे. पत्रेमामा दोन्ही गाड्यांवरून चिंधी फिरवायचा आणि सांगायचा काय झालं ते. चूक कोणाची हे तो विचारल्याशिवाय बोलायचा नाही. "ही गाडी उभी होती. तुमची वळत होती. तुम्ही आधी डावीकडे घेतली, मग घाबरून उजवीकडे." तो माणूस लाल व्हायचा, कारण झालेलं अगदी तसंच असायचं. ओरखडा कुठे हलका सुरू होतो, कुठे खोल जातो, रंगाचा चुरा कोणत्या टोकाला साचतो, सगळं त्याला वाचता यायचं. दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी व्हायला पाच मिनिटं लागायची. पोलिसांकडे जावं असं आमच्या गल्लीत मग कोणाला वाटेनासं झालं.

या माणसाचा थोरला भाऊ शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. चालवायचा, असं म्हणायला हवं. मामा त्याला दादा म्हणतो, म्हणून आम्हीही दादाच म्हणतो. उंच, हसरा, तोंडाने गोड. एकतीस वर्षं मुलं नेली-आणली, कोणाला कधी ओरखडा नाही. मुलांना नाही, असं म्हणायचंय मला. व्हॅनला अधूनमधून लागायचं. दादा दुपारच्या मोकळ्या वेळात यायचा. "अरे, एक बाइकवाला घासून गेला." पुढच्या खेपेला कोणाचं तरी फाटक नीट उघडलेलं नसायचं. मग खांब. मग पाण्याचा टँकर. "तुझ्या वहिनीला दिसायच्या आत काढ बाबा, नाहीतर जेवताना ऐकावं लागेल." मामा तासाभरात काढायचा. पत्रा, पुट्टी, पॉलिशपेपर, रंग. इतकं सफाईदार की वहिनींनी गाडीला प्रदक्षिणा घातली असती तरी काही सापडलं नसतं.

लोकांच्या गाड्यांचा पंचनामा करणारा हा माणूस भावाच्या गाडीचा ओरखडा मात्र कधी वाचायचा नाही. चिंधीसुद्धा घ्यायचा नाही. मी एकदा डिवचलं, "मामा, टँकर खरंच आला होता का हो मध्ये?" तो म्हणाला, "घरच्या माणसाची उलटतपासणी करतात का, मास्तर?" मला ते तेव्हा पटलंही होतं. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, पण दिव्याने तो मुद्दाम ठेवलेला असतो हे मला माहीत नव्हतं.

मागच्या महिन्यातली गोष्ट. दुपारचा दीड वाजला असेल. लांबलचक 'खर्र' ऐकू आलं. मी दारात. दादाची रिकामी व्हॅन गल्लीतल्या एका संगीतशिक्षिकेच्या गाडीला डाव्या अंगाने घासत पुढे जाऊन थांबली होती. बाईंचं म्हणणं, माझी गाडी भिंतीला टेकून उभी होती. दादाचं म्हणणं, बाईंनी ऐन वेळी पुढे घेतली. दोघांचाही आवाज चढला, आणि बाईंचा रियाज रोजचा असल्यामुळे त्यांचा जास्त चढला. मग नेहमीचं वाक्य आलं, चला मामाकडे. ते बोलून झाल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की मामा कोणाचा भाऊ आहे. बाई म्हणाल्या, "हरकत नाही. मला त्यांच्यावर विश्वास आहे." आता मात्र मामाची सुटका नव्हती. मला, खरं सांगतो, फार उत्सुकता वाटली. नंतर तिची लाज वाटली, पण तेव्हा वाटली.

मामाने चिंधी घेतली. बाईंच्या गाडीवरून हात फिरवला, मग व्हॅनवरून. एकदा नाही, तीनदा. "बाईंची गाडी उभी होती," तो म्हणाला. दादा चिडला. "तू कोणाच्या बाजूने आहेस?" मामाने बाईंना, गाडी उद्या आणा, करून देतो, असं सांगून पाठवलं. त्या गेल्यावर म्हणाला, "दादा, ही रेघ सुतात मारल्यासारखी सरळ आहे. माणसाला शेवटच्या क्षणी जरी दिसलं तरी त्याचा हात वळतो, रेघ वाकते. तुझी वाकलेली नाही."

"लक्ष नव्हतं. झालं ना आता?"

मामा आत गेला आणि लोहचुंबक घेऊन आला. जुनी गाडी विकत घेणारे लोक त्याला बोलावतात तेव्हा तो हे चुंबक नेतो. पत्र्याला ते चिकटतं. जिथे पत्र्यावर पुट्टीचा जाड थर असतो तिथे चिकटत नाही, गळून पडतं. तो व्हॅनच्या उजव्या बाजूने सुरू झाला. पुढचं मडगार्ड, दार, मागचं दार. टक, टक, टक, सगळीकडे चिकटलं. मग डाव्या बाजूला आला. पुढच्या दिव्याजवळ लावलं, पडलं. वीतभर मागे लावलं, पडलं. दाराला लावलं, पडलं. मामा दर वेळी वाकून ते उचलत होता. ती पुट्टी दुसऱ्या कोणाची नव्हती. एकेक थर त्यानेच भरलेला, त्यानेच घासून गुळगुळीत केलेला. एकही पोचा गाडीवर शिल्लक नव्हता, म्हणून सगळे पोचे एकाच बाजूचे आहेत हे त्याला कधी दिसलंच नव्हतं.

"डावी बाजू लांबची असते रे," दादा म्हणाला. "सगळ्यांचीच घासते."

"सगळ्यांची मागच्या कोपऱ्याला घासते, वळताना. तुझी पुढून घासते." मामाने चुंबक खिशात टाकलं. "माझ्याकडे बघ. नाकाकडे. डोळे हलवू नकोस."

दादा हसला, पण उभा राहिला. मामाने चिंधी हातात धरून हात उजवीकडे लांब नेला आणि हळूहळू आत आणला. "दिसली," दादा लगेच म्हणाला. मग डावीकडे. हात आत येत राहिला. खांद्यासमोर आला. दादा गप्प. कानासमोर आला. मी दारातून बघत होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, म्हण रे बाबा, दिसली म्हण. चिंधी गालाच्या पुढे आली तेव्हा तो म्हणाला, "दिसली." आणि तिथल्या स्टुलावर बसला. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी याला काचबिंदू म्हटलं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळता येतं, असं सांगितलं.

"चावी दे," मामा म्हणाला.

"साडेतीनला शाळा सुटते. सोळा पोरं आहेत."

"म्हणूनच दे."

"एकतीस वर्षांत एका पोराला खरचटलं नाही. मी काय आंधळा आहे? मी सांभाळून घेतो. माझी सोय केलेली आहे मी."

"कसली सोय?"

मी खरं तर तिथून निघायला हवं होतं. निघालो नाही. दादा जमिनीकडे बघत म्हणाला, "पुढच्या सीटवर एक पोरगी बसते. दुसरीतली. फार चुणचुणीत आहे. ती सांगते डावीकडचं. काका, भिंत आली. काका, सायकल आहे. आम्ही खेळच केलाय तो. वर्ष झालं. ती असली की काही होत नाही. गाडी रिकामी असली की लागतं. आज तर ती सकाळीही आली नव्हती."

मामाच्या हातातली चिंधी खाली पडली. तो रागावेल असं मला वाटलं होतं. तो दादाच्या शेजारी, पालथ्या डब्यावर बसला. "मला भीती वाटतेय, दादा," तो म्हणाला. "वर्षभर ती तुला सांगत होती, आणि मी पुसत होतो." दादाने चावी काढून त्याच्या हातावर ठेवली. गॅरेजला कुलूप लावून मामा व्हॅन घेऊन गेला. ती रेघ तशीच होती.

दादाला मी माझ्या दुकानात आणून बसवलं. चहा मागवला, तो त्याने घेतला नाही. मी उगीच एका पॅंटची शिवण उसवली आणि परत घातली. साडेतीन झाले, चार झाले. गल्लीत हॉर्न वाजला की दादा मान वर करायचा, आणि डावीकडचं बघायला सगळं डोकं वळवायचा. इतकी वर्षं तो समोरच्या गॅरेजात येत होता, तरी हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. अभ्यास म्हणे.

सव्वापाचला व्हॅन आली. मामा उतरला.

"पोचली सगळी?" दादाने विचारलं.

"पोचली."

"एवढा वेळ?"

"त्या पोरीच्या घरी जाऊन आलो. आईवडिलांना सगळं सांगितलं. तिला ताप आहे. अंथरुणात उठून बसली होती."

"काही म्हणाली?"

मामा चावीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "एकच विचारलं तिने. आज काकांना डावीकडचं कोणी सांगितलं?"

दादाने त्यानंतर चावी मागितली नाही.