गॅस न संपणारं घर

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं, नाहीतर पोट फुटेल माझं!

आमची छोटीशी संस्था एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना डबे पोचवते. काल मोहने गावात चहाच्या टपरीवर बसून मी मोबाईलच्या मॅपवर त्यांची घरं टाकत होते. शेजारी एक सिलेंडरवाले काका टेकले, खांद्यावर गोणपाटाची घडी, चहा बशीत. फुंकर मारत मॅपमध्ये डोकावले.

"पोरी, ही घरं कशी शोधली?"

"फॉर्म भरून घेतले ना, काका."

"आणि जिला फॉर्म भरायला उठवतच नाही, ती?" त्यांनी मॅपवर रिकाम्या जागी बोट ठेवलं. "पिंपळामागची खोली. आजी एकटीच. गणपतीतला सिलेंडर होळी आली तरी संपला नाही. गॅस संपत नाही म्हणजे घरात शिजत नाही, बाळा."

अंगावर काटाच आला! एवढी मोठी एक्सेल शीट आमची, पण हे कुणालाच सुचलं नव्हतं.

तशीच धावत गेले. आजींनी भिंत धरत दार उघडलं. शेगडीवर धूळ, शेजारी बिस्किटाचा पुडा.

आज त्यांना पहिला डबा गेला. काकांचं नाव मात्र विचारायचंच राहिलं यार. तुम्हाला भेटलंय का असं कुणी, ज्याला तुमच्या गल्लीतलं न शिजणारं घर माहितीये?