जिभेची पारख

सोलापूरच्या मंगळवार पेठेतले एक चष्मेवाले कुठलंही भिंग आधी जिभेला लावत आणि मगच बोलत. अस्सल स्फटिक जिभेवर गार राहतो, काच लगेच कोमट होते, एवढंच त्यांचं शास्त्र. उन्हाळ्यात पारख सकाळीच उरकत. नंतर सोलापुरात गार काही उरत नाही.

आमच्या डॉक्टरांनी जंबुपार, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट किरणांचा सूक्ष्मदर्शक आणला. ते किरण साध्या काचेतून जात नाहीत, म्हणून स्लाइडी आणि त्यांवरची पातळ झाकणं स्फटिकाची लागतात. मुंबईहून आलेल्या पेटीत काच आणि स्फटिक मिसळले होते. मी कंपौंडर, पेटी घेऊन चष्मेवाल्यांकडे गेलो.

"ही हाय. ही बी हाय. ही न्हाय, काच हाय की." नखाएवढी झाकणंसुद्धा त्यांनी चाखली. ते किरण डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी प्रत्येकीतून फोटो काढून पाहिले. एकही चूक निघाली नाही.

हे सांगायला गेलो तेव्हा मी माझा चष्माही पारखायला पुढे धरला. अस्सल स्फटिकाचा म्हणून त्यांनीच दिलेला.

त्यांनी तो धोतराच्या सोग्याने सावकाश पुसला आणि स्वतःच्या हाताने माझ्या नाकावर बसवला.

"दिसतंय न्हवं?"

"दिसतंय."

"मग झालं की."

तोच चष्मा अजून वापरतो. जीभ लावून पाहिलेली नाही.