पंच : मूळ आणि प्रवास

रविवार, १० ऑक्टोबर २००४, दुपारचे तीन. लंडनच्या पिनर उपनगरातल्या हॉलमध्ये व्याख्यानाला उभ्या राहिलेल्या गृहस्थांनी मूठ वर धरली आणि एकेक बोट उघडत म्हटले, "दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला. मोजा. झाले पाच."

ही मोजण्याची सवय लंडनच्या एका हॉटेलातली. तीस वर्षे त्यांनी तिथल्या बारमागे उभे राहून कॉकटेल बनवली. स्वतः थेंबही घेतला नाही. पत्नी गेल्यावर ते या पेयांचा इतिहास लिहू लागले. इथल्या मराठी माणसांपैकी अनेकांनी त्यांना वाचनालयात पाहिले असेल. शेजारी जाऊन बसलेले कोणी मला आठवत नाही. मीही बसलो नाही. लिहिलेले कोणीतरी ऐकावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

आमच्या ज्येष्ठ मंडळाचा मी चिटणीस. 'पंच : मूळ आणि प्रवास' हा विषय त्यांनी कळवला. तो पंच म्हणजे पेय; मी गावचे पंच समजलो आणि तसेच पत्रक काढले. चाळीस माणसे न्यायनिवाडा ऐकायला आली.

"सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांनी आपला 'पाच' उचलला, असं मानतात," ते सांगत होते. "त्याचा झाला पंच. पुढे मोठं भांडं जाऊन ग्लास आला, कडू अर्काचे थेंब आले. कॉकटेल. लोक ते सकाळी औषध म्हणून घेत."

"अहो, हे काय दारूचं पुराण लावलंय?" पुढच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या.

"सरपंच शुद्धीवर आहेत ना?" मागून कोणीतरी विचारले. हशा झाला. लोक उठू लागले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. चूक माझी होती, हे मी उभा राहून सांगू शकलो असतो. मी घड्याळाकडे पाहिले.

शेवटी आम्ही दोघेच उरलो.

"चिटणीससाहेब, अजून अठरा पानं आहेत."

"वाचा."

त्यांनी तीन पाने वाचली. मग चष्मा काढला. "राहू द्या. तुम्ही ऐकत नाही आहात, नुसते थांबला आहात."

ते पुन्हा मंडळात आले नाहीत. पुढच्या वर्षी मी क्षमापत्र पाठवले. पत्र 'इथे राहत नाहीत' असा शेरा घेऊन परत आले.

त्या दिवशी ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. कोणीही न घेतलेला चहा सिंकमध्ये ओतला आणि पातेले घासून पालथे घातले.